86 लाखांची शिष्यवृत्ती आणि सव्वा कोटीचे बिल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालाचा हंगाम आला की ठाण्याच्या तीन हात नाक्यापासून नवी मुंबईच्या पाम बीच रोडपर्यंत फलक झळकू लागतात. शाळेचे किंवा क्लासचे नाव, विद्यार्थिनीचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'अमेरिकेतील विद्यापीठाची एक कोटीची शिष्यवृत्ती'. मग तोच मजकूर स्थानिक पुरवण्यांत बातमी म्हणून छापून येतो. मुलीचे कौतुक व्हायलाच हवे. पण तो आकडा कशाचा, आणि तो वजा जाता आईवडिलांनी किती भरायचे, याचा उल्लेख ना फलकावर असतो ना बातमीत. तेवढ्या एका आकड्यावर विसंबून पुढच्या वर्षी आणखी काही घरे कर्जाच्या कागदांवर सह्या करतात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

अमेरिकेतील सरकारी विद्यापीठे तिथल्या राज्यांची असतात आणि त्यांच्या ट्यूशनचे, म्हणजे शिकवणी शुल्काचे, दोन दर असतात. राज्यातल्या रहिवाशांच्या मुलांना इन-स्टेट दर, बाकीच्यांना आउट-ऑफ-स्टेट दर. हा दुसरा दर अनेक ठिकाणी पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. बाहेरचा म्हणजे शेजारच्या राज्यातला अमेरिकन मुलगाही आणि आपला ठाण्याचा मुलगाही. विद्यापीठांना बाहेरची हुशार मुले हवी असतात, म्हणून ती गुण पाहून या वरच्या दरात सूट देतात. सूट मोठी असली की बिल इन-स्टेट दराच्या आसपास येते. हीच ती मेरिट शिष्यवृत्ती. ती बहुतेक वेळा मुलाच्या खात्यात जमा होत नाही, बिलातूनच वजा होते. पालकांचे उत्पन्न तिच्यासाठी सहसा विचारत नाहीत, आणि मध्यमवर्गीय घरांना ती जवळची वाटण्याचे खरे कारण हेच.

आता हिशेब. पुढचे आकडे कोणत्याही एका विद्यापीठाचे नाहीत, समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. आउट-ऑफ-स्टेट ट्यूशन वर्षाला 36,000 डॉलर, इन-स्टेट 12,000 डॉलर आणि शिष्यवृत्ती 24,000 डॉलर. चार वर्षांची शिष्यवृत्ती झाली 96,000 डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 86 लाख 40 हजार. फलकावर जाताना याचेच 'जवळपास एक कोटी' होतात.

उरलेल्या बिलात ट्यूशनचे 12,000 आहेतच. त्यावर सक्तीचे शुल्क 2,000, वसतिगृह आणि जेवण 14,000, आरोग्य विमा 3,000, पुस्तके आणि प्रवास 3,000. म्हणजे पहिल्याच वर्षी 34,000 डॉलर, साधारण 30 लाख 60 हजार रुपये. इन-स्टेट दर मिळाला म्हणजे शिक्षण स्वस्त झाले, हा समज इथेच गळून पडतो. राज्यातला मुलगा घरून जाऊन-येऊन शिकू शकतो आणि त्याला फेडरल, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारची, मदतही मिळू शकते. आपल्या मुलाला यातले काहीच नाही. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षी वसतिगृहात राहणे सक्तीचे असते. विमा बहुधा विद्यापीठाचाच घ्यावा लागतो, इथून काढलेली स्वस्त पॉलिसी अनेक ठिकाणी चालत नाही.

खरी मेख पुढच्या वर्षांत आहे. शिष्यवृत्ती ठरावीक डॉलरची असेल तर ट्यूशन वाढली तरी ती वाढत नाही. ट्यूशन दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढली असे धरू. 36,000 चे दुसऱ्या वर्षी 37,440, तिसऱ्या वर्षी 38,938 आणि चौथ्या वर्षी 40,495 होतात. दरवेळी 24,000 वजा केले की उरतात 12,000, 13,440, 14,938 आणि 16,495. ट्यूशन वाढली साडेबारा टक्के, तुमचा भरणा वाढला 37 टक्के. चार वर्षांची उरलेली ट्यूशन 56,873 डॉलर. बाकीचे 22,000 जराही वाढले नाहीत असे उदारपणे मानले तरी एकूण 1,44,873 डॉलर, म्हणजे सुमारे 1 कोटी 30 लाख रुपये. त्यातही डॉलर चार वर्षे 90 वरच थांबेल हे गृहीत धरले आहे, आणि तो कसा थांबतो हे आपण सगळेच पाहतो.

याउलट काही ठिकाणी शिष्यवृत्तीच्या पत्रात रक्कम नसते. इन-स्टेट दर लागू होईल किंवा ट्यूशनच्या अमुक टक्के सूट मिळेल, असे लिहिलेले असते. अशा शिष्यवृत्तीत वाढीचा बोजा पालक आणि विद्यापीठ या दोघांत वाटला जातो. वरच्या उदाहरणात थेट इन-स्टेट दर मिळाला आणि तोही 4 टक्क्यांनी वाढला, तर चार वर्षांची ट्यूशन 50,958 डॉलर होते. फलकावर दोन्ही शिष्यवृत्त्या सारख्याच दिसतात, बिलात जवळपास 5,900 डॉलरचा फरक पडतो. म्हणून पत्र हातात आले की आधी हा शब्द शोधावा: रक्कम की दर?

दुसरा शब्द शोधायचा तो 'रिन्यूएबल', म्हणजे दरवर्षी पुढे चालू राहणारी, आणि त्यापुढच्या अटी. साधारण अट असते जीपीए (4 पैकी गुणांची सरासरी) 3.0 किंवा त्याहून थोडा वर आणि दरवर्षी ठरावीक क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरवून दिलेले एकक). एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी सत्राला 12 क्रेडिट पुरतात, म्हणून मुले 12 च घेतात. पण पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात आणि शिष्यवृत्ती आठ सत्रांनंतर थांबते. बाराने गुणाकार करा: 96. उरलेली 24 क्रेडिट, म्हणजे आणखी दोन सत्रे, पूर्ण आउट-ऑफ-स्टेट दराने. 15 क्रेडिटचीच सवय पहिल्या सत्रापासून हवी.

जीपीए कसा घसरतो तेही पाहा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या सत्रात 4 क्रेडिटचे कॅल्क्युलस, 4 चे रसायनशास्त्र, 3 चे इंग्रजी, 3 चे प्रोग्रॅमिंग आणि 1 चे सेमिनार असे 15 क्रेडिट झाले. ए ला 4, बी ला 3, सी ला 2 गुण. कॅल्क्युलसमध्ये सी, रसायनशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगमध्ये बी, बाकी दोन्हींत ए मिळाला, तर बेरीज 45 आणि जीपीए बरोबर 3.0. प्रोग्रॅमिंगमध्येही सी आला की बेरीज 42 आणि जीपीए 2.8. एका विषयाच्या एका अक्षराने 24,000 डॉलर टांगणीला लागतात. काही विद्यापीठे वर्षाअखेरीस जीपीए मोजतात, जीपीए सुधारायला एखादे प्रोबेशन सत्र देतात. काही देत नाहीत. हे प्रवेश घेण्याआधी ईमेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवावे. घाबरून विषय सोडला तर जीपीए वाचतो, पण क्रेडिट कमी पडतात आणि शिष्यवृत्ती त्या बाजूने जाते.

इंजिनीअरिंग आणि बिझनेसला अनेक विद्यापीठांत जादा दर लागतो. शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा शाखा बघत नाही, तेव्हा हा फरक खिशातूनच जातो. विद्यापीठाच्या 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' (एकूण खर्च) या पानावर सरासरी असते. नेमके दर बर्सर, म्हणजे फी घेणाऱ्या कार्यालयाच्या फी-तक्त्यात शाखेनुसार मिळतात. बघायचा तो तक्ता.

आपल्या भागातून जाणाऱ्यांत एमएसची मुले बरीच असतात, आणि त्यांच्या कामाची एक तरतूद टेक्सासच्या कायद्यात आहे. तिथल्या शिक्षण कायद्याच्या कलम 54.213 नुसार, शैक्षणिक वर्षाला किमान 1,000 डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला, परदेशी विद्यार्थ्यालाही, रहिवाशांच्या दराने ट्यूशन भरता येते. हजार डॉलरच्या शिष्यवृत्तीने कित्येक हजारांचा फरक पुसला जातो, म्हणून डॅलस-आर्लिंग्टनच्या वाटेवरची मुले तिच्यामागे असतात. मात्र अटी नीट वाचायला हव्यात. त्या शिष्यवृत्तीसाठी टेक्सासच्या विद्यार्थ्यांशीही स्पर्धा झालेली असली पाहिजे. फक्त परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली रक्कम या कलमात बसत नाही. निवड विद्यापीठाच्या अधिकृत समितीने करायची असते, त्यामुळे इथल्या एखाद्या ट्रस्टने दिलेले हजार डॉलर कामाचे नाहीत. अशी सवलत मिळणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच सत्रातील एकूण विद्यार्थ्यांच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आणि ती शिष्यवृत्तीच्या मुदतीपुरती, जास्तीत जास्त 12 महिन्यांची. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती पुन्हा मिळाली नाही की दर परत वरचा. एमएसच्या दुसऱ्या वर्षाचे बिल पाहून मुले हबकतात ती याच कारणाने. कर्जाचा अर्ज करताना दुसरे वर्ष पूर्ण दरानेच धरावे, सवलत टिकली तर उरलेली रक्कम उचलू नये.

त्याच कायद्याच्या कलम 54.212 मध्ये अभ्यासक्रमाशी संबंधित टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटचे किमान अर्धवेळ काम करणाऱ्यांनाही रहिवाशांचा दर आहे. अर्धवेळ म्हणजे आठवड्याला 20 तास, आणि सत्र चालू असताना एफ-1 वर कॅम्पसमध्ये काम करण्याची कमाल मर्यादाही तेवढीच. म्हणजे असे काम मिळाले की कॅन्टीनची किंवा ग्रंथालयाची जोड-नोकरी करता येत नाही.

टेक्सासचा नियम टेक्सासपुरता. तो ओहायोत किंवा न्यू जर्सीत सांगून उपयोग नाही. आणि न्यू जर्सीचे नाव निघाले म्हणून लिहितो: 'मामा तिथेच राहतो, त्याच्या पत्त्यावर इन-स्टेट मिळेल' हे साफ चूक आहे. सेतू केंद्रातून डोमिसाइलचा दाखला काढावा तसे तिथे होत नाही. एफ-1 व्हिसा शिकून परत जाण्यासाठी असतो, त्यामुळे त्यावर वर्षभर राहिले तरी सहसा कोणी रहिवासी ठरत नाही. आणखी एक गैरसमज एजंटांच्या माहितीपत्रकांतून पसरतो. वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज, मिडवेस्ट स्टुडंट एक्स्चेंज या योजनांत इन-स्टेटच्या दीडपट दराने प्रवेश मिळतो, पण तो त्या-त्या राज्यांच्या रहिवाशांना. आपल्याला नाही. विद्यापीठांच्या संकेतस्थळावरचा, मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणारा 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर'ही अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेला असतो. त्यात ठाण्याचे उत्पन्न रुपयांतून डॉलरमध्ये टाकले की सुखद आकडा येतो, आणि तो निरर्थक असतो.

खरी माहिती हवी असेल तर 'कॉमन डेटा सेट' हा दस्तऐवज उघडावा. बरीच विद्यापीठे तो दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यात एच-6 या भागात, परदेशी पदवी-विद्यार्थ्यांना विद्यापीठ स्वतःच्या निधीतून मदत देते का, किती जणांना दिली आणि सरासरी किती, हे लिहिलेले असते. तिथे रकाना शून्य असेल तर माहितीपत्रकातले हसरे फोटो बघण्यात वेळ घालवू नये. आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांत मेरिट शिष्यवृत्ती नाही, तिथली मदत फक्त गरजेवर. तेव्हा 'हार्वर्डची मेरिट शिष्यवृत्ती' मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या खुर्चीसमोरून उठायला हरकत नाही. मुंबईत युसिफमध्ये (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) एज्युकेशन-यूएसए या अमेरिकी सरकारच्या उपक्रमाचे समुपदेशन मिळते. एजंटला मात्र अनेक विद्यापीठे प्रवेशामागे कमिशन देतात. त्याचा सल्ला ऐकताना एवढे लक्षात असावे.

आपल्या बोर्डाच्या मुलांची अडचण वेगळीच आहे आणि ती बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी सुरू होते. तिकडचे सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते, पण शिष्यवृत्तीच्या मुदती आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपतात. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. म्हणजे शिष्यवृत्ती ठरते ती नववी, दहावी आणि अकरावीच्या गुणांवर. अकरावीला आपल्याकडे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंटिग्रेटेड क्लास लावलेला, कॉलेजात हजेरी कागदावर, अकरावीची परीक्षा जेईईच्या सराव-चाचण्यांच्या मध्ये उरकलेली, आणि गुण पंचावन्न टक्के. इथे ते कोणी पाहत नाही. तिथे नववीपासूनची सगळी वर्षे पाहतात आणि अकरावीला सर्वात जास्त वजन असते. सॅट या तिकडच्या प्रवेश परीक्षेत 1600 पैकी 1450 आणि अकरावीला 55 टक्के हे चित्र तिथल्या अधिकाऱ्याला कळत नाही, आणि गुणांच्या पायरीनुसार रक्कम ठरवणाऱ्या शिष्यवृत्तीच्या तक्त्यात मूल दोन पायऱ्या खाली जाते.

गुणांचे रूपांतर घरी करू नये. 75 टक्क्यांना 25 ने भागून 3.0 जीपीए लिहिणे ही सर्रास चूक आहे. अर्जात गुण आहेत तसेच, टक्क्यांत लिहावेत आणि सोबत कॉलेजचे एक पानी 'स्कूल प्रोफाइल' जोडावे. राज्य मंडळात उत्तीर्णतेची रेषा 35, प्रथम श्रेणी 60 पासून आणि विशेष प्रावीण्य 75 पासून, हे त्यात स्पष्ट हवे. मागच्या वर्षी कॉलेजातील किती मुलांना 90 च्या वर गुण मिळाले, हेही हवे. नाहीतर 75 म्हणजे तिकडचा सी असे वाचले जाते. नववी-दहावीचे दाखले शाळेत आणि अकरावी-बारावीचे ज्युनिअर कॉलेजात, असे दोन ठिकाणी हेलपाटे पडतात. तेव्हा जुलैतच अर्ज द्यावा. शिफारस कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून जायला हवी. प्राचार्यांच्या खासगी जीमेलवरून गेलेली शिफारस काही विद्यापीठे पडताळणीसाठी अडकवून ठेवतात.

सॅट ऐच्छिक आहे असे वाचून निश्चिंत होऊ नये. प्रवेशाला ऐच्छिक आणि शिष्यवृत्तीला आवश्यक, अशी पद्धत काही ठिकाणी आहे. तक्त्यावर चालणाऱ्या शिष्यवृत्तीत घासाघीस होत नाही. मात्र डिसेंबरपर्यंतचा वाढीव स्कोअर धरून वरची पायरी देणारी विद्यापीठे आहेत, आणि 20 गुणांनी वर्षाला काही हजार डॉलर हलू शकतात.

एक सापळा खास नवी मुंबईतल्या पालकांसाठी. 'हातचे असावे' म्हणून मुलाला इथल्या इंजिनीअरिंगला घातले, एक सत्र झाले आणि मग अमेरिकेचा अर्ज केला, की अनेक विद्यापीठे त्याला 'ट्रान्सफर', म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला, समजतात. मोठ्या शिष्यवृत्त्या बहुतेक 'फ्रेशमन', म्हणजे बारावीनंतर थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी असतात, ट्रान्सफरचा तक्ता वेगळा आणि तोकडा. वर्ष मोकळे ठेवायचे असेल तर पदवीचे क्रेडिट घेण्याआधी विद्यापीठाला विचारावे. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलला तर शिष्यवृत्तीही ढकलली जाते असे नाही, तेही लेखी घ्यावे.

पैशाच्या बाजूचे थोडक्यात. आय-20 वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रमाणपत्रावर, शिष्यवृत्तीची रक्कम नोंदलेली आहे ना ते पाहावे, नाहीतर जास्त निधी दाखवावा लागतो. एप्रिल 2025 पासून परदेशी पाठवलेल्या रकमेवर आर्थिक वर्षात माणशी 10 लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तर नाहीच. ऑगस्ट आणि जानेवारीचे हप्ते एकाच आर्थिक वर्षात येतात, म्हणून आई आणि वडिलांनी आपापल्या पॅनवर वाटून पाठवणे सोयीचे. शिष्यवृत्ती ट्यूशन, सक्तीचे शुल्क आणि पुस्तकांपुरती असेल तर अमेरिकेत करमुक्त असते. राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या भागावर एफ-1 विद्यार्थ्याचा 14 टक्के कर कापला जातो. उत्पन्न काहीही नसले तरी तिथल्या करखात्याचा फॉर्म 8843 दरवर्षी भरायचा असतो.

कर्जाला फ्लॅट तारण द्यायचा असेल तर नवी मुंबईत जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोच्या भाडेपट्ट्याची असते आणि बँक अनेकदा सिडकोचे ना-हरकत पत्र मागते. त्यासाठी वेळ जातो, तेव्हा आय-20 ची वाट पाहत बसू नये. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतला फ्लॅट, मग तो कळव्यात असो की दिव्यात, बँका तारण म्हणून घ्यायला नाखूश असतात. हे मे महिन्यात कळले तर 1 मे ही प्रवेश नक्की करण्याची मुदत टळून गेलेली असते, आणि आधीच भरलेली अनामत बहुधा परत मिळत नाही.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीने एवढे करावे. शिष्यवृत्तीची बातमी आली की शाळेकडे किंवा क्लासकडे तीन गोष्टी मागाव्यात: शिष्यवृत्ती वजा केल्यावर पहिल्या वर्षाचे एकूण बिल, ती ठरावीक रकमेची आहे की दराची, आणि टिकवण्यासाठी लागणारा जीपीए. तिन्ही विद्यापीठाच्या पत्रातच असतात किंवा एका ईमेलवर मिळतात. ज्यांच्याकडून त्या मिळणार नाहीत, त्यांचा मजकूर जाहिरातीच्या दराने छापावा.

आपले,
विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे काही निवृत्त प्राध्यापक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)